सल्ला : तेरा वर्षांची छोटी गाडी घाट चढेल का?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

बाबांची छोटी हॅचबॅक आता माझ्याकडे आली आहे. तेरा वर्षांची, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. एक हजार सीसीचं, तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे आणि ते अजून एकदाही उघडलेलं नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली डोंगरापलीकडच्या शहरात होतेय. महिन्यातून दोनदा तरी साडेतीनशे किलोमीटर जाणं-येणं होईल. मध्ये सहाशे मीटर चढणारा घाट, आणि गाडीत बहुतेक वेळा आम्ही चौघं. दादाचं म्हणणं, "हे खेळणं शहरातल्या शहरात फिरवायला ठीक आहे. घाटात मुलांना घेऊन उभी राहशील तेव्हा कळेल. काढून टाक आणि काहीतरी दणकट घे." माझा या गाडीत जीव आहे, पण मुलांचं नाव निघालं की धीर सुटतो. गाडी ठेवू की काढू?

— घाटाची धास्ती घेतलेली एक वाचक

उत्तर

ठेवा. दादा ज्या कारणासाठी काढायला सांगतोय, त्या कारणासाठी तर मुळीच काढू नका.

तुमच्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत. गाडी घाटात दम टाकेल, ही एक. आणि रस्त्यात काही बरंवाईट झालं तर मुलांचं काय, ही दुसरी. पहिलीत फारसं तथ्य नाही, ते मी आकड्यांनिशी सांगतो. दुसरीत आहे, आणि तिच्याकडे मी शेवटी येतो.

आधी घाटाचा हिशेब करू. तुमची गाडी रिकामी असताना साधारण ८०० किलोची असेल. तुम्ही चौघं आणि सामान धरून ११०० म्हणा. रस्ता शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर चढतोय असं धरा. हा चांगला खडा चढ झाला. अशा चढावर ताशी ४० किलोमीटरने जात राहायला, चाकांचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळवूनसुद्धा, चाकांपाशी १५-१६ हॉर्सपॉवर पुरतात. आणि एक हजार सीसीच्या अशा इंजिनाची पूर्ण ताकद साठच्या आगेमागे असते. दादा ज्याला खेळणं म्हणतो त्याच्याजवळ तुमच्या घाटाला लागते त्याच्या तिप्पट-चौपट ताकद आहे.

मग छोट्या गाड्या घाटात रडताना का दिसतात? चालवणारा त्यांच्यावर दया करतो म्हणून. हे मी फार वेळा पाहिलंय. जुनी गाडी आहे, आवाज नको करायला, असं म्हणून माणूस तिसऱ्या गिअरमध्येच रेटत राहतो. इंजिन दीड हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर येतं, गाडी हुंदके दिल्यासारखी थरथरते आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असतो. त्या फेऱ्यांना हेच इंजिन जीव काढूनही जेमतेम १५-२० हॉर्सपॉवर देतं. चढाला लागतात तेवढेच, वर काही उरत नाही. साठचा आकडा असतो सहा हजार आरपीएमच्या आसपास.

शिवाय त्या दयेने इंजिनाचं नुकसानच होतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरवणारा पंप आणि ऑइलचा पंप दोन्ही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. इंजिन हळू फिरलं की पाणीही हळू फिरतं, ऑइलचा दाबही कमी होतो, आणि नेमक्या त्याच वेळी पिस्टनवर सगळा भार पडलेला असतो. बेअरिंगला याहून वाईट दिवस नाही. दुसरा गिअर टाका. इंजिन तीन हजार-साडेतीन हजारांवर जाईल, आवाज वाढेल, मुलं मागून विचारतील काय झालं म्हणून. काही झालेलं नाही. इंजिन त्याच्या सोयीच्या जागी आलंय, एवढंच. त्या फेऱ्यांवर ते तासभर चालवलं तरी त्याची तक्रार नसते. माझ्याकडे सतरा वर्षं अशीच एक छोटी गाडी होती. तिला मी घाटात कधी गोंजारलं नाही, गिअर मात्र वेळेवर बदलला. २ लाख ६० हजार किलोमीटरला ती दुसऱ्याला दिली तेव्हाही इंजिनाला पाना लागलेला नव्हता.

अशा गाड्या इतकं का टिकतात हे दादाला समजावणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण "लहान म्हणजे लेचापेचा" हा समज फार खोल रुजलेला आहे. माणसाला बॉनेटची उंची दिसते. त्या बॉनेटखालच्या प्रत्येक नटबोल्टवर किती भार पडतो ते दिसत नाही. ८०० किलोच्या गाडीचा क्लच ८०० किलोच हलवतो. ब्रेक तेवढंच थांबवतात, शॉकअप तेवढेच दणके खातात, टायर तेवढ्याच वजनाखाली घासतात. वजन कमी म्हटल्यावर गाडीतल्या सगळ्याच सांध्यांचं काम कमी. त्यात तुमच्या इंजिनाला टर्बो नसणार. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारी, लालबुंद उष्णतेत मिनिटाला लाखभर फेरे घेणारी चीज. ती चांगली असते, पण नसली तर बिघडायला एक वस्तू कमी. आणि या गाड्या इतक्या संख्येने बनतात की त्यांचे दोष पहिल्या काही वर्षांतच उघडे पडतात, दुरुस्त होतात, आणि कुठल्याही मेकॅनिकचा हात त्यांच्यावर बसलेला असतो. घाटात गाडी बंद पडलीच, तर बॉनेट उघडणाऱ्या माणसाने ते इंजिन याआधी शंभर वेळा पाहिलेलं असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

छोट्या गाडीला दणकट करण्यामागे एक जुना विचारही आहे. फ्रान्समधल्या सिट्रोएन कंपनीने खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी गाडी बनवायची ठरवली, तेव्हा इंजिनिअरांना घातलेली एक अट प्रसिद्ध आहे : अंड्यांची टोपली गाडीत ठेवून नांगरलेल्या शेतातून जाता आलं पाहिजे आणि एकही अंडं फुटता कामा नये. त्यातून १९४८ मध्ये २ सीव्ही लोकांसमोर आली. इंजिन ३७५ सीसीचं, ताकद ९ हॉर्सपॉवर. आज दुचाकीलाही याहून जास्त असते. पण पुढच्या आणि मागच्या चाकाचं सस्पेन्शन एकमेकांशी असं जोडलं होतं की पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी गाडी डोकं आपटत नसे. इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे रेडिएटरच नाही. ही गाडी १९९० पर्यंत बनत राहिली. तिच्या मागून आलेल्या, रेनॉ कंपनीच्या रेनॉ ४ या छोट्या गाडीत बदल करून, चारही चाकांना जोर देऊन, मारो बंधू या फ्रेंच चालकांनी ती १९८० च्या पॅरिस-डाकार शर्यतीत सहारा वाळवंट पार करून मोटारींमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आणली. आणि १९६४ ची माँटे कार्लो रॅली बर्फाच्या घाटरस्त्यांवर जिंकली ती दहा इंची चाकांच्या मिनी कूपर एस गाडीने, तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या स्पर्धेत असताना. या शर्यतीच्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या, हे खरं. तुमची गाडी वाळवंटात न्यायला मी सांगत नाही. पण हलकेपणा हे व्यंग नसून ताकद आहे, हे त्या गाड्या बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

आता तुमच्या गाडीकडे येऊ, कारण तेरा वर्षं ही तेरा वर्षंच असतात. १ लाख ३८ हजार किलोमीटर हा इंजिनासाठी भीतीचा आकडा नाही. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर इंजिन अजून तेवढंच चालेल. म्हातारं होतं ते रबर, आणि जुनं होतं ते गाडीतलं पाणी-ऑइल. घाटात उभ्या दिसणाऱ्या गाड्यांचं इंजिन फार क्वचित मेलेलं असतं. बहुतेक वेळा हातभर रबरी पाइप फाटलेला असतो.

माझंही एकदा तसंच झालं. चढ अर्धा संपला होता, बॉनेटच्या कडेने गोडसर वास आला आणि मग वाफ. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. रेडिएटरच्या वरच्या पाइपला क्लॅम्पच्या अगदी कडेला नखाएवढी चीर गेली होती. मी तसाच "वरपर्यंत नेतो आणि मग बघतो" म्हटलं असतं तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील, गेलं असतं आणि त्या गाडीची गोष्ट तिथेच संपली असती. मी थांबलो म्हणून ती पुढे आणखी नऊ वर्षं चालली. तो पाइप आधीच्या सर्व्हिसिंगला बदलायचा राहिला होता. हाताने दाबून पाहिला असता तर कळलं असतं.

म्हणून तुम्ही दाबून पाहा. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. चांगला पाइप दाबला की चिवटपणे परत फुगतो. म्हातारा पाइप एक तर दगडासारखा कडक लागतो, नाहीतर पिठाच्या गोळ्यासारखा मऊ. दाबताना आतून बारीक करकर ऐकू आली, किंवा क्लॅम्पजवळ पांढरा-हिरवा सुकलेला डाग दिसला, तर तो बदलायचाच. तेरा वर्षांच्या गाडीत मी तर न बघताच सगळे कूलंटचे पाइप, थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारी झडप) आणि रेडिएटरचं झाकण बदलून घेईन. झाकण क्षुल्लक वाटतं, पण तेच आतला दाब धरून ठेवतं, आणि दाब आहे म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. पाइप बदलताना कूलंटही नवीन भरा, नुसतं पाणी नको. गाडी उभी ठेवून इंजिन चालू द्या आणि रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का, ते कानाने ऐका. पुष्कळ छोट्या गाड्यांमध्ये तापमानाचा काटा नसतो, थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल दिवा असतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर लाल दिवा ही सूचना समजू नका, हुकूम समजा : बाजूला घ्या, बंद करा, आणि गरम असताना झाकण उघडू नका.

पिस्टनच्या तालात व्हॉल्व्हची उघडझाप करवायला इंजिनाला टायमिंग बेल्ट (रबरी पट्टा) आहे की चेन, हे मेकॅनिकला विचारा. बेल्ट असेल आणि तो बाबांनी कधी बदलल्याची नोंद सापडत नसेल, तर घाटाचं नाव काढण्याआधी तो बदला, सोबत त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंपही. बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसाच वयानेही सुकतो. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि तुम्ही अभिमानाने सांगता ते "न उघडलेलं इंजिन" उघडावं लागतं. चेन असेल तर सकाळी पहिल्यांदा चालू करताना काही क्षण साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. येत नसेल तर तिला हात लावू नका.

पुढच्या चाकांपाशी वाकून एकदा बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला डोकवा. तिथे ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे चाकाला इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या दांड्यावर, भात्यासारखं घड्याघड्यांचं रबरी बूट दिसेल. त्याच्या घडीत चीर असेल किंवा रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतील, तर बूट फाटलंय. आज बदललं तर एक रबर आणि थोडं ग्रीस, एवढ्यावर भागतं. सहा महिने तसंच चालवलं तर धूळ आत जाऊन पूर्ण सांधा जातो, आणि मग वळणावर टकटक ऐकू येते. घाटात वळणंच वळणं.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तुमचे टायर दहा वर्षांचे होत आले असतील तर बदला. स्टेपनीचाही आकडा बघा, बहुतेक ती गाडीइतकीच जुनी निघेल. चौघं आणि सामान असताना हवा किती हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर वेगळं लिहिलेलं असतं. एकट्याने शहरात फिरताना ठेवतो ती हवा इथे कमी पडते. छोट्या गाडीचं खरं वैर ओव्हरलोडशी असतं. चार माणसं आणि डिकीभर सामान तिला जड नाही. पाचवा माणूस आणि टपावर कॅरिअर भरून तिला घाटात घातली, तर मात्र वर केलेला सगळा हिशेब कोलमडतो.

चढाबद्दल एवढं बोललो, पण मला काळजी खरं तर उताराची आहे. ११०० किलोची गाडी सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा इतकी ऊर्जा बाहेर पडते की तेवढ्यात साधारण २० लिटर पाण्याला उकळी येईल. ती सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. ब्रेक दाबत उतरलात तर तिचा मोठा भाग त्या चार छोट्या चाकांच्या ब्रेकमध्ये जातो. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरलात तर बराचसा भार इंजिन घेतं आणि ब्रेक वळणापुरते उरतात. दादाची दणकट गाडी सगळं धरून २२०० किलोची असेल तर तिच्या ब्रेकना ४० लिटरचा हिशेब पेलायचा असतो. उतारालाही हलकेपणा तुमच्याच बाजूने आहे. फक्त ब्रेक फ्लुइड बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओलावा प्यालेलं १४० लाच उकळू शकतं. आत वाफ झाली की ब्रेकचं पेडल नुसतंच खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायला हवं, आणि ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात.

पत्र्याचं थोडक्यात. दारांच्या खालची पट्टी, जॅक लावायची जागा, स्टेपनीखालचा खळगा आणि बॉनेटखाली शॉकअप जिथे वर बसतात त्या जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकून बघायला सांगा. वरचा गंज दिसायला वाईट, एवढंच. पण ठोकल्यावर पत्रा आत गेला, तर ही गाडी घाटात नेऊ नका, आणि मग माझं "ठेवा"ही मी मागे घेतो. इंजिनाचं काम निघतं, क्लच नवीन बसतो, पण कुजलेल्या सांगाड्याला उपाय नाही.

आता तुमची दुसरी काळजी, मुलांची. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर हलक्या गाडीला जास्त मोठा झटका बसतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे आणि टिकाऊपणाने तो बदलत नाही. तेरा वर्षांपूर्वीच्या छोट्या गाड्यांमध्ये एअरबॅग बऱ्याचदा कमी असत आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेलच असं नाही. तुमच्या गाडीत काय आहे ते नीट बघा. गाडी चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर ते आधी दुरुस्त. मागच्या सीटचे पट्टे ओढून, झटका देऊन, ते अडकतात का बघा. मुलं लहान असतील तर त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या चाइल्ड सीटवरच बसवा, मांडीवर कधीच नको. रात्रीचा घाट टाळा. आणि उद्या कधी ही गाडी बदलायचा विचार केलात तर तो या कारणासाठी करा : क्रॅश टेस्टमध्ये चांगली ठरलेली, सहा एअरबॅगची, स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असलेली गाडी हवी म्हणून. अशी गाडी छोटीही मिळते. उंच बॉनेट म्हणजे सुरक्षितता असं समजून कुणाची जुनी, मोठी, दोन टनांची गाडी घेऊ नका. तिचंही रबर तेवढंच म्हातारं असेल, भार दुप्पट, आणि उंच गाडी वळणावर कलते ते वेगळंच.

सगळी कामं झाली की मुलांना घेऊन जाण्याआधी एक फेरी करा. दादाला सोबत घ्या आणि चढाला स्टिअरिंग त्याच्याच हातात द्या. निघण्यापूर्वी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा. घाट चढा, वर जाऊन लगेच इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं तसंच चालू ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. मग दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. घरी आल्यावर गाडीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, ती रेघ बघा. पातळी रेघेवरच असेल तर पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन खुशाल निघा. खाली गेली असेल तर किती गेली ते मला कळवा, आपण गळती शोधू.